घरापर्यंत आलेला वेग घरात का हरवतो?

नाशिकमध्ये गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याला नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की वीज आणि गॅसपाठोपाठ चौकशी सुरू होते ती वायफायची. मुक्त विद्यापीठाचा अभ्यास, पुण्या-मुंबईच्या कंपनीचं घरून चालणारं काम, परगावच्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल, सगळं त्याच एका तारेवर चालायचं असतं. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचा निर्णय मात्र ‘किती एमबीपीएस?’ या एका प्रश्नावर होतो. पुढचा मनस्ताप टाळायचा तर काही समजुती आधीच तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज : १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी.

वस्तुस्थिती : कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, आपण फाइल मेगाबाइटमध्ये मोजतो. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात आणि १ जीबीच्या फाइलला साधारण ८० सेकंद लागतात. नुसत्या ‘ब्रॉडबँड’ या नावावरही विसंबू नये. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार २ एमबीपीएस वेग असला तरी ती जोडणी ब्रॉडबँड ठरते.

गैरसमज : प्लॅन मोठा घेतला की वायफाय घरभर पोहोचतं.

वस्तुस्थिती : प्लॅनमुळे राउटरपर्यंतचा वेग वाढतो, भिंती पातळ होत नाहीत. घरातलं वायफाय बहुधा दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून लांब जाते, पण तिचा वेग कमी असतो आणि सोसायटीत शेजाऱ्यांच्या राउटरची त्याच पट्ट्यात गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असते, पण दोन-तीन भिंतींतच दमते. पंचवटी किंवा भद्रकालीतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतींमागे तर ती जेमतेम पोहोचते. राउटर टीव्हीच्या कपाटात किंवा फ्रिजमागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवा. घर मोठं असेल तर दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवा. चौघांच्या घरात ५० एमबीपीएस बहुतेक वेळा पुरतात, कारण एका फोर-के चित्रपटालाही १५ ते २५ एमबीपीएसच लागतात.

गैरसमज : नेट स्लो आहे, म्हणजे कंपनीचाच दोष.

वस्तुस्थिती : आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजा. केबलवर पूर्ण वेग मिळाला आणि वायफायवर नाही, तर अडचण घरातली आहे. केबलवरही मिळाला नाही तर तक्रार करा. एकच फायबर स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत वेग घटू शकतो. फायबर येतं त्या घरातल्या बॉक्सवर ‘एलओएस’चा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लागला, तर फायबरमधला प्रकाश घरापर्यंत येतच नाहीये, राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटणं हे त्याचं नेहमीचं कारण. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे शहरात खोदकामं सुरू असताना ते विसरू नये. खोदण्याआधी केबलमालकांना कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. सोसायटीनेही ते वापरावं.

गैरसमज : फायबर आहे, लाइट गेली तरी नेट चालेल.

वस्तुस्थिती : फायबरमधून प्रकाश जातो, पण घरातला बॉक्स आणि राउटर विजेवरच चालतात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. मात्र त्याचे व्होल्ट आणि अँपिअर ॲडॉप्टरवरच्या आकड्यांशी जुळवून पाहा.

गैरसमज : एअरफायबर म्हणजे फायबरच.

वस्तुस्थिती : एअरफायबरमध्ये घरापर्यंत केबल येत नाही. गच्चीवर किंवा भिंतीवर लावलेला अँटेना मोबाइल टॉवरचा ५जी सिग्नल घेतो. फायबर न पोहोचलेल्या वस्तीत ही मोठी सोय आहे. पण वेग टॉवरचं अंतर, मधल्या इमारती आणि टॉवरवरची गर्दी यांवर अवलंबून राहतो. दोन्ही मिळत असतील तर फायबर निवडावं.

गैरसमज : शेजाऱ्याकडे आलंय, म्हणजे मलाही लगेच मिळेल.

वस्तुस्थिती : खांबावरच्या किंवा जिन्यातल्या बॉक्समध्ये ठरावीक पोर्ट असतात. ते भरले असतील तर नवी जोडणी थांबते. आगाऊ पैसे भरण्याआधी ‘पोर्ट मोकळा आहे का?’ हे विचारून घ्या.

गैरसमज : अनलिमिटेड म्हणजे अमर्याद, आणि जाहिरातीतली रक्कम हेच बिल.

वस्तुस्थिती : बहुतेक प्लॅनना उचित वापराची मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या अनेक प्लॅनमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबी आहे आणि ती ओलांडली की वेग घटतो. घरगुती वापराला एवढी मर्यादा भरपूर झाली, पण इतर प्लॅनची मर्यादा वाचूनच ठरवा. दरावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ४९९ रुपयांचा प्लॅन सुमारे ५८९ रुपयांना पडतो. राउटरची अनामत परत मिळणार का, हेही लेखी घ्या.

जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञ घरात असतानाच चार कामं उरकून घ्या. फायबरची ‘पॉवर’ मोजायला सांगा. उणे २७ डीबीएमच्या जवळचा आकडा म्हणजे काठावरचा सिग्नल. केबलला तीव्र बाक नाही ना, ते पाहा. लॅन केबलवर वेग तपासा. वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, दोन्ही पासवर्ड बदला. पुढे तक्रार करताना तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तिथे हाच क्रमांक तुमचा पुरावा असतो.