टॉवेल कोणी टाकायचा?

गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘निकाली’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हलगी कडाडत असते, पंच दोन्ही पैलवानांचे हात धरून मधोमध उभा असतो आणि ओरडून सांगतो, कुस्ती निकाली! म्हणजे वेळेचे बंधन नाही, गुण नाहीत. एकाची पाठ मातीला लागली की संपले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी अशा कुस्त्या पाहिल्या. त्या वेळी न कळलेली एक गोष्ट फार पुढे, एका जपानी लढवय्याच्या लढती पुन्हा पुन्हा पाहताना ध्यानात आली. चितपट कुस्तीत निकाल माती देते. हरलेल्याला ‘हरलो’ असे म्हणावे लागत नाही.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, या खेळात निकाल देणारी माती नाही. ठोसे, लाथा, पकडी, सांध्यांवरचे डाव आणि गळा आवळणे हे सगळे इथे चालते, आणि पाठ टेकली तरी लढत संपत नाही. ब्राझीलच्या जुजुत्सूचे लढवय्ये तर मुद्दाम पाठीवर पडून लढतात. मग ती संपते कशी? एक जण बेशुद्ध पडतो. किंवा हाताने थोपटून हार कबूल करतो. किंवा वेळ संपते आणि परीक्षक कौल देतात. यातले काहीच झाले नाही तर कोणीतरी लढत थांबवावी लागते: पंचाने, डॉक्टरने, नाहीतर कोपऱ्यात उभ्या असलेल्या वस्तादाने पांढरा टॉवेल आत टाकून. हे ‘कोणीतरी’ कोण आणि त्याने नेमके कधी थांबवायचे, हा प्रश्न काझुशी साकुराबाच्या कारकिर्दीला पहिल्या रात्रीपासून शेवटपर्यंत चिकटलेला आहे.

साकुराबाचा जन्म १४ जुलै १९६९चा, उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातला. शाळेत आणि पुढे टोकियोच्या च्युओ विद्यापीठात तो हौशी कुस्ती खेळला. १९९३मध्ये तो यूडब्ल्यूएफआय या व्यावसायिक कुस्तीच्या मंडळीत दाखल झाला. तिथले निकाल आधी ठरलेले असत, पण डाव खरे असत आणि तालीम तर फारच खरी असे. बिली रॉबिन्सन हा इंग्लंडच्या विगनमधल्या ‘स्नेक पिट’ तालमीत घडलेला मल्ल तिथे शिकवायला होता. ‘कॅच’ ही लँकेशायरच्या कामगारवस्त्यांतली कुस्ती. चितपटीबरोबरच सांधा पिरगळून हार कबूल करायला लावणे हा तिचा प्राण. साकुराबाकडे जे आले ते तिथून.

ऑक्टोबर १९९७मध्ये टोकियो डोममध्ये ‘प्राइड’ या नव्या स्पर्धेचा पहिला प्रयोग झाला. यूडब्ल्यूएफआयचा म्होरक्या नोबुहिको ताकादा तिथे ब्राझीलच्या रिक्सन ग्रेसीपुढे पाच मिनिटेही टिकला नाही. जपानमध्ये व्यावसायिक कुस्तीगीर म्हणजे लोकांचे दैवत. ते दैवत खोटे निघाले, असे लोकांना वाटले. त्यानंतर अडीच महिन्यांतच, २१ डिसेंबर १९९७ रोजी, योकोहामाला अमेरिकेच्या यूएफसीची स्पर्धा झाली आणि ताकादाच्याच तालमीतला साकुराबा तिथे उतरला. समोर मार्कुस सिल्वेइरा, वजनाने त्याच्यापेक्षा वीस किलोंहून अधिक भारी. ठोशांचा मारा सुरू असताना साकुराबा एकेरी पट काढायला खाली वाकला. पंचाला वाटले, पोरगा बेशुद्ध होऊन कोसळला, आणि त्याने लढत थांबवली. साकुराबा धडधाकट होता. बराच गोंधळ झाला, चित्रफीत पाहिली गेली, निकाल रद्द झाला. दुसरा एक स्पर्धक दुखापतीने बाहेर पडल्यामुळे त्याच रात्री दोघे पुन्हा भिडले, आणि साकुराबाने सिल्वेइराचा हात कोपरात उलटा ताणून त्याला थोपटायला लावले. नंतर ध्वनिक्षेपकावर तो जे बोलला त्याचा आशय असा, की व्यावसायिक कुस्तीगीर खरोखरच बलवान असतात. टोमणा ताकादावर हसणाऱ्यांना होता.

आता ग्रेसी घराणे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा ज्यूदोपटू मासाहिको किमुरा आणि एलियो ग्रेसी यांची लढत झाली. किमुराने एका हाताने एलियोचे मनगट धरले, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून स्वतःचेच मनगट पकडले आणि तो दुमडलेला हात पाठीकडे पिरगळला. एलियोचा हात मोडला, तरी तो थोपटेना. अखेर त्याच्या बाजूने भाऊ कार्लोसने हार मानली. जुजुत्सूवाल्यांनी त्या डावाला जिंकणाऱ्याचे नाव दिले, ‘किमुरा’. लँकेशायरच्या कॅचमध्ये हाच डाव आधीपासून होता, ‘डबल रिस्टलॉक’ या नावाने.

याच डावाची एक खूण आपल्या उपखंडातही आहे. डिसेंबर १९७६मध्ये कराचीत अंतोनियो इनोकी आणि गामाचा पुतण्या अक्रम पहिलवान भिडले, आणि अशाच पिळात अक्रमचा हात जायबंदी झाला. अक्रमनेही हार कबूल केली नाही. लढत इतरांना थांबवावी लागली. चितपटीच्या मातीत वाढलेल्या घराण्यातल्या मल्लाला आपल्या तोंडाने ‘हरलो’ म्हणायचे कधी शिकवले असेल, असे मला वाटत नाही. ताकादा इनोकीच्या तालमीत घडला होता, म्हणजे साकुराबा त्याच परंपरेतला. ही साखळी मी जुळवतो आहे. साकुराबा स्वतः तसा विचार करत असेल असा माझा दावा नाही.

२१ नोव्हेंबर १९९९ रोजी साकुराबाने एलियोच्या मुलाला, रॉयलरला, याच डावात धरले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: या वेळी जड गडी साकुराबा होता. दुसऱ्या फेरीची दोन मिनिटेही उरली नव्हती, रॉयलर थोपटत नव्हता, आणि पंचाने लढत थांबवली. ग्रेसी मंडळी भडकली. आमच्या माणसाने हार कुठे मानली, हा त्यांचा प्रश्न होता. पंचाने कोपर वाचवले हे खरे, आणि निकाल रॉयलरच्या तोंडून आला नव्हता हेही खरे.

म्हणून रॉयलरचा भाऊ रॉइस लढायला तयार झाला तेव्हा त्याने अटी घातल्या. पंधरा मिनिटांची एक फेरी, अशा कितीही फेऱ्या. परीक्षक नाहीत. पंचाने लढत थांबवायची नाही. आपल्या भाषेत, कुस्ती निकाली. १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये ती झाली. रॉइस जुजुत्सूच्या पांढऱ्या डगल्यात आला, आणि साकुराबाने तोच डगला पकडायला वापरला. एकदा तर त्याची विजार ओढायलाही कमी केले नाही. प्रेक्षक हसले. पण त्या गमतीच्या आड तो रॉइसच्या मांडीवर लाथा मारत होता, एकाच जागी, फेरीमागून फेरी. सहावी फेरी संपली तेव्हा रॉइस नीट उभा राहू शकत नव्हता. नव्वद मिनिटे झाली होती. मोठा भाऊ रोरियनने टॉवेल टाकला. पंचाने थांबवायचे नाही अशी अट घालणाऱ्या घरालाच शेवटी थांबवावे लागले.

अनेक लेखांत गोष्ट इथे संपते. पण ही बाद पद्धतीची स्पर्धा होती, आणि जिंकलेल्या साकुराबाला त्याच रात्री पुढची लढत होती, युक्रेनच्या इगोर वोवचान्चिनशी, म्हणजे त्या काळातल्या सर्वांत जबर ठोसे मारणाऱ्यांपैकी एकाशी. साकुराबा उतरला. पंधरा मिनिटे लढला, काही काळ वरचढही होता. निकाल लागला नाही, जादा फेरीची वेळ आली, आणि तेव्हा त्याच्याच कोपऱ्याने टॉवेल टाकला. एका रात्रीत एकशे पाच मिनिटे. त्याला दुसऱ्यांदा आत पाठवणाऱ्यांचे कौतुक मला करवत नाही. टॉवेल टाकणाऱ्याचे मात्र करावेसे वाटते.

ऑगस्टमध्ये रेन्झो ग्रेसीची पाळी आली. पुन्हा तोच पीळ, वेळ संपायला काही सेकंदच उरलेले, कोपर निखळले, रेन्झो थोपटला नाही, पंचाने थांबवले. रेन्झोने रिंगमध्येच, कुठलीही सबब न सांगता, प्रतिस्पर्ध्याचे गुण गायले. डिसेंबरमध्ये रायन ग्रेसी गुणांवर हरला. जपानी वर्तमानपत्रांत साकुराबा आता ‘ग्रेसी हंटर’ होता, आणि प्राइडच्या तिकिटविक्रीचा मोठा आधार.

नेमके हेच त्याला नडले, असे माझे मत आहे. त्याचे खरे वजन ८३-८५ किलोंच्या आसपास. पण ज्याच्या नावावर डोम भरतो त्याच्यासमोर सोपा गडी उभा करून चालत नाही, आणि प्राइडमध्ये वजनगटांचा काच फारसा नव्हता. मार्च २००१मध्ये पडलेल्या माणसाला लाथाडण्याचे नियमही सैल झाले, आणि त्याच रात्री वांदरलेई सिल्वाने साकुराबाला ९८ सेकंदांत संपवले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा सिल्वा: आपटताना गळपट्टीचे हाड मोडले, पहिल्या फेरीनंतर डॉक्टरांनी थांबवले. ऑगस्ट २००२मध्ये शंभर किलोंच्या घरातला मिर्को क्रोकॉप: डोळ्याभोवतीच्या हाडाला इजा, पुन्हा डॉक्टर. ऑगस्ट २००३मध्ये तिसऱ्यांदा सिल्वा, आणि या वेळी साकुराबा बेशुद्ध. त्या पहाव्यात असे मी कोणाला सुचवणार नाही.

एक लढत मात्र मी अनेकदा पाहिली आहे. ५ ऑगस्ट २००६, समोर लिथुआनियाचा केस्तुतिस स्मिर्नोवास. सुरुवातीलाच साकुराबा असा मार खातो की तो शुद्धीवर आहे की नाही हे सांगता येत नाही. कुठलाही पंच इथे लढत थांबवील. हा थांबवत नाही; दोघे दोरांत गुंतलेले म्हणून त्यांना मधोमध आणून पुन्हा सुरू करायला लावतो. आणि साकुराबा जिंकतो, हात ताणून. प्रेक्षागार डोक्यावर घेते. १९९७च्या पंचाने फार लवकर थांबवले, २००६च्या पंचाने थांबवलेच नाही, आणि दोन्ही वेळा शेवटी साकुराबाच जिंकला. अशा विजयांतून चुकीचे धडे निघतात.

त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ओसाकात योशिहिरो अकियामाशी लढताना साकुराबा पंचाला ओरडून सांगू लागला की याचे अंग निसरडे आहे. ज्याने कधी ‘थांबवा’ म्हटले नव्हते, तो प्रथमच काहीतरी सांगत होता. पंचाने ऐकले नाही, साकुराबा मार खाऊन हरला. पुढे चौकशीत अकियामाने अंगाला लोशन लावल्याचे उघड झाले आणि निकाल रद्द झाला. खाल्लेला मार काही रद्द झाला नाही. जून २००७मध्ये लॉस एंजेलिसला रॉइसशी पुन्हा गाठ पडली. रॉइस गुणांवर जिंकला आणि नंतर उत्तेजक चाचणीत दोषी निघाला.

शेवटची लढत २९ डिसेंबर २०१५ची, सैतामातली. साकुराबा ४६ वर्षांचा, शिन्या आओकी ३२चा. आओकी वर बसून मारत होता, साकुराबा खाली डोके झाकून पडला होता, थोपटत नव्हता. सहा मिनिटे व्हायच्या आत त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला.

२०१७मध्ये यूएफसीने त्याला आपल्या मानकऱ्यांच्या दालनात घेतले. २०१८मध्ये त्याने ‘क्विन्टेट’ नावाची स्वतःची स्पर्धा सुरू केली. पाच-पाच जणांचे संघ, ठोसे-लाथा नाहीत, फक्त पकडी. जिंकणारा मॅटवर थांबतो, हरणाऱ्याच्या जागी पुढचा येतो. संघाच्या एकूण वजनाला मर्यादा आहे. एरवी एक झुंज आठ मिनिटांची, पण दोघांच्या वजनात वीस किलोंहून जास्त फरक असेल तर चारच मिनिटांची. तेवढा वेळ हलका गडी तगला, तर दोघेही बाहेर.