बेकार माणसाशी बोलावे कसे?

आंबिवलीजवळ मोहने येथील एनआरसीचा रेयॉन कारखाना २००९ साली बंद पडला आणि हजारो कामगार घरी बसले. त्यांच्या पगारावर चालणाऱ्या दुकानदारांनाही झळ बसली. अशा वेळी काहीजण लगेच दुसरे काम धरतात. काहींची मात्र हिंमतच खचते. वर्ष-दोन वर्षे गेली की घरचे, शेजारचे सगळे त्यांना उपदेश करू लागतात. उपयोग शून्य.

असे का होते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर दारूच्या व्यसनात अडकलेल्यांवर उपचार करीत. दटावले की माणूस उलट आपल्या व्यसनाचीच बाजू मांडतो, हे त्यांनी ओळखले. १९८३ साली त्यांनी बोलण्याची एक वेगळी पद्धत मांडली. १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यावर पुस्तक लिहिले. पुढे परदेशांत बेकारांना कामाकडे वळवण्यासाठीही ती वापरात आली. कामावर माणसे ठेवणाऱ्या आपल्या कारखानदार बंधूंनी ती जरूर समजून घ्यावी.

समजा, शिलाई कारखान्याचा मालक शेजारच्या तरुणाला म्हणाला, "बेटा, मशीन मोकळी आहे, उद्यापासून ये." उत्तर ठरलेले: "चाचा, पीसवर काय सुटणार? कंबरही दुखते." त्याऐवजी विचारावे, "कामावर जावेसे किती वाटते? शून्य ते दहा, आकडा सांग."

"तीन."

"तीन का? शून्य का नाही?"

आता तो स्वतःच कारण शोधतो. "घरभाडे अम्मीच्या कमाईतून जाते, चाचा. बघवत नाही."

"म्हणजे अम्मीवरचा भार तुला सलतो."

इतकेच बोलून थांबावे. "दहा का नाही?" असे विचारले असते, तर अडचणींचा पाढा सुरू झाला असता!

माहितीसुद्धा परवानगी घेऊन द्यावी. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, लोहार, गवंडी येतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्जाची सोय आहे. "सांगू का?" असे आधी विचारावे. तो "नको" म्हणाला तर विषय तिथेच सोडावा.

एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. जिथे कामच नाही, किंवा मजुरीच बुडवली जाते, तिथे ही गोड बोलणी कुचकामी. कामचोर म्हणून हिणवण्यापूर्वी मालकाने आपला पीसचा दर एकदा तपासावा.

माणूस तयार झाला, तर पहिला दिवस अर्धा असला तरी चालेल. वार आणि वेळ मात्र त्यालाच ठरवू द्यावी.