जादा कोंबडा द्यावा कुणाला?



वस्तीवर एका खुराड्यात दोन नर झाले की झुंज ठरलेलीच. ८-१० माद्यांना एक नर बास होतो. नुसती अंडी खायची तर तोही लागत नाही. जादा नर द्यावा तो शेजारगावी, जिथं अंडी उबवायला नर हवाय. रक्तबदलही होतो.

झुंजी लावणाराला मात्र देऊ नका. १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

मानमोडीची लस टोचूनच द्या. घेणाऱ्यानं तो १५-२० दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवावा. गावात मर लागली असेल तर कोंबडा हलवूच नका. बेणं पारखून घेता ना? रोगट बेण्यानं फड जातो, रोगट कोंबड्यानं शेजाऱ्याचं खुराडं. शेजाऱ्याचं नुकसान आपल्या हातून नको, एवढंच आमचं सांगणं.