मावशी बदलतायत? बाळासाठी ही साधी बदली नसते

1907 साली लंडनमध्ये एका बड्या सर्जनच्या घरी एक मुलगा जन्मला. त्या काळच्या श्रीमंत इंग्रजी घरांत आईबाप मुलांना फारसं सांभाळायचे नाहीत. या घरातही आई दिवसातून साधारण तासभर भेटायची, चहानंतर. बाकीचा सगळा दिवस मिनी नावाच्या आयासोबत जायचा. मुलगा चार वर्षांचा होत आला आणि मिनी नोकरी सोडून गेली.

हा मुलगा म्हणजे जॉन बोल्बी. पुढे तो मानसोपचारतज्ज्ञ झाला आणि मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या नात्यावर त्याने 'ॲटॅचमेंट थिअरी' मांडली. मायेने सांभाळणारी आया निघून जाणं हे लहान मुलासाठी जवळजवळ आई जाण्याइतकंच दुःखद असू शकतं, असं त्याने लिहून ठेवलंय.

आता लंडन सोडा आणि पुण्या-ठाण्यातल्या कुठल्याही टू बीएचकेमध्ये या. आईची 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपली की बाळाला सांभाळायला मावशी येतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. बाळाला मऊ भात कसा लागतो, झोप आली की ते कुठला कान ओढतं, हे मावशींना आईच्याही आधी कळतं. आणि मग एक दिवस मावशी सांगतात, "ताई, पुढच्या महिन्यापासून नाही जमणार." गावी सासू आजारी असते, स्वतःच्या मुलीचं बाळंतपण असतं, नाहीतर पलीकडच्या सोसायटीत दोन हजार जास्त मिळत असतात.

घरात लगेच धावपळ सुरू होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, एजन्सीला फोन, वॉचमनला विचारणं. दहा दिवसांत नवीन मावशी मिळतात आणि सगळ्यांना हुश्श होतं. या सगळ्यात बाळाला मात्र कुणीच काही सांगितलेलं नसतं.

साधारण आठव्या महिन्यापासून मूल अनोळखी चेहऱ्याला बिचकायला लागतं. ओळखीचं माणूस नजरेआड झालं की होणारी घालमेल साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात सगळ्यात जास्त असते. तेव्हा बदल पुढेमागे करता येत असेल तर हा काळ टाळलेला बरा. पण मावशींच्या अडचणी बाळाचं वय बघून येत नाहीत. मग निदान बदल कसा करायचा, एवढं तरी आपल्या हातात असतं.

याचं एक जुनं पण चांगलं उदाहरण आहे. बोल्बीचे सहकारी जेम्स रॉबर्टसन आणि त्यांची पत्नी जॉइस यांनी आईपासून काही दिवस दूर राहिलेल्या लहान मुलांचं चित्रीकरण केलं. त्यातला सतरा महिन्यांचा जॉन (हा बोल्बी नव्हे) नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात होता. तिथल्या बायका प्रेमळ होत्या, पण पाळी बदलली की माणूस बदलायचं. त्याचं असं कुणीच नव्हतं. तो हळूहळू कोमेजत गेला आणि शेवटी आई घ्यायला आली तेव्हा तिच्याकडेही जाईना. याउलट काही मुलांना रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्या घरी ठेवलं. आधी भेटीगाठी करून ओळख करून दिली, आईचा फोटो जवळ ठेवला, तिच्याबद्दल बोलत राहिले. त्या मुलांनाही त्रास झाला, पण ती सावरून राहिली.

म्हणूनच जुन्या आणि नव्या मावशी निदान चार-पाच दिवस एकत्र हव्यात. त्या दिवसांचा पगार दोघींना द्यावा लागतो, आणि बरीच घरं नेमकी इथेच हात आखडता घेतात. ज्या घरात बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला हॉल बुक होतो, तिथे हा खर्च जड वाटू नये. पहिले दोन दिवस नव्या मावशींनी फक्त बघायचं. मग खाऊ घालणं, आंघोळ आणि सगळ्यात शेवटी झोपवणं त्यांच्याकडे द्यायचं. झोपवणं शेवटी, कारण पेंगुळलेलं मूल अनोळखी मांडीवर सहसा टिकत नाही. औषधाचं माप, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर हे मात्र तोंडी नको. कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

जुन्या मावशी जाताना रागाने गेल्या असतील तर हे दिवस मिळत नाहीत. अशा वेळी आईबाबांपैकी एकाने तीन-चार दिवस सुट्टी काढून घरी थांबणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

निरोपाच्या दिवशी हमखास एक चूक होते. "रडेल, झोपलंय तोवर निघा," असं सांगून मावशींना मागच्या पावली पाठवतात. मूल उठतं, दाराकडे बघतं. दुसऱ्या दिवशीही बघतं. मग आई बाथरूममध्ये गेली तरी किंचाळतं, कारण माणसं न सांगता गायब होतात हे ते शिकलेलं असतं. त्यापेक्षा मावशींनी जवळ घेऊन "मी आता माझ्या घरी चालले" असं सांगावं. बाळ रडेल, रडू द्या. दीड-दोन वर्षांच्या मुलाला शब्दांपेक्षा मोठ्यांचा सूर आधी कळतो.

पुढचे काही आठवडे मूल जेवायला त्रास देईल, रात्री उठेल, सुटलेलं डायपर परत लागेल. कधी नव्या मावशींना मारेलही. तेव्हा "आधीच्या मावशींकडे कसं शहाण्यासारखं राहायचं" हे वाक्य त्यांच्यासमोर नको. जुन्या मावशींचा विषय मात्र घरात बंद करू नका. फोटो दाखवा, अधूनमधून व्हिडिओ कॉल करा.

तुटणं मावशींच्याही वाट्याला येतं. दोन वर्षं कडेवर खेळवलेलं मूल सोडून जायचं आणि सोमवारी दुसऱ्या घरी दुसरं मूल उचलायचं. 2008 साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण नोटीस किती दिवसांची आणि जाताना हातावर काय ठेवायचं, हे बहुतेक घरांत अजून बोलीवरच ठरतं. म्हणून नव्या मावशींशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या: एक महिना आधी सांगायचं, दोन्ही बाजूंनी. पोलीस पडताळणी होणार असेल, घरात कॅमेरा असेल, तर तेही तेव्हाच सांगा. आणि जुन्या मावशींचा पगार, दिवाळीच्या बोनसचा राहिलेला हिशेब त्या दाराबाहेर पडायच्या आधी चुकता करा. पैशांसाठी चार फेऱ्या मारायला लावलेलं माणूस बाळाच्या वाढदिवसाला कशाला येईल?