रियुक्यू जग जिंकतं, मग चांदा का नाही?

मंडळी, सावलीच्या पोट्ट्यांनी विचारलेला एक प्रश्न आज घेऊ. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा २०१३ चा संगणकावरचा खेळ. तो ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो नि १८२१ मध्ये संपतो. नकाशावर आपलं गोंडवनही आहे. जपानच्या दक्षिणेकडच्या चिमुकल्या रियुक्यू बेटांनी सगळं जग जिंकावं, असं आव्हानच कंपनीनं त्यात ठेवलंय. ते पुरं करणारे खेळाडू आहेत, बरं का! मग पोट्टे म्हणतात, सर, आपल्या राजांनाच का नाही जमलं?

या प्रश्नात पूर्वजांवर एक आरोप दडलाय, म्हणून तो आम्हाला हसण्यावारी नेता येत नाही.

रियुक्यू जिंकतं कशामुळे? नशिबाचा भाग असतो. लढाईचे फासे शून्य ते नऊ पडतात. पण खरी गोष्ट वेगळी. खेळात राजे मरतात, खेळाडू मरत नाही. पावणेचारशे वर्षं एकच डोकं राज्य चालवतं. त्या डोक्याला अमेरिका कुठे आहे ते १४४४ मध्येच ठाऊक असतं! शिवाय अडचण आली की घड्याळ थांबवून चहा पिऊन यायचं. निपुत्रिक राजा गेला, तरी बहुधा दुसऱ्या घराण्याचा कुणी गादीवर येतो नि डाव चालू राहतो.

आता इकडे पाहू. चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, नि डलहौसीनं १८५४ मध्ये नागपूर खालसा केलं. चांदाही त्यात गेला. हा काही फाशांचा खेळ नव्हता. दत्तक मानायचा नाही, हे एका माणसानं ठरवलं होतं.

आणि जंगल? खेळात जंगलात लढाई झाली, की हल्ला करणाऱ्याच्या फाशातून एक वजा. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके याच मुलखातल्या जंगलाच्या आधारानं इंग्रजांशी लढले. ते पकडले गेले, ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी इंग्रजांच्या हवाली केल्यामुळे. २१ ऑक्टोबरला चांद्यात फाशी झाली. लक्ष्मीबाईंपुढे त्या वेळी काय काय पर्याय होते, हे पोट्ट्यांनी आधी मांडून पाहावं. खेळ थांबवायची सोय नाही, नि १८५९ चं काही ठाऊक नाही, असं धरून.