लैंगिक श्वासावरोध

लैंगिक श्वासावरोध म्हणजे कामोत्तेजना वाढावी या हेतूने स्वतःचा किंवा जोडीदाराचा गळा आवळून अथवा अन्य मार्गाने मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा रोखण्याची कृती. ती निर्धोकपणे करण्याची कोणतीही रीत वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के असला, तरी एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू त्याला लागतो. गळ्यावर दाब पडला की श्वासनलिकेच्या आधी रक्तवाहिन्या दबतात. त्यामुळे ‘श्वास चालू आहे, म्हणजे धोका नाही’ हा समज फसवा आहे. अमेरिकेत स्वयंसेवकांवर झालेल्या आणि १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मेंदूचा रक्तपुरवठा थांबताच दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपल्याचे आढळले. ‘वेळ आली की थांबू’ हा भरवसा येथेच कोसळतो. थांबायचे ठरवणारा मेंदूच प्रथम निकामी होतो. या अवस्थेत जाणवणारी धुंदी हे सुखाचे नव्हे, तर गुदमरणाऱ्या मेंदूचे लक्षण होय. मानेतील संवेदनशील चेताकेंद्रावर दाब आल्यास हृदयाची गती एकाएकी मंदावू शकते. रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला चीर गेल्यास काही दिवसांनीही पक्षाघात होतो.

बोहेमियन संगीतकार फ्रांतिशेक कोत्झ्वारा १७९१ मध्ये लंडनला याच कारणाने मरण पावला. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये नागपूरजवळच्या एका लॉजमध्ये गळ्याभोवतीची दोरी आवळली जाऊन एका तरुणाचा मृत्यू झाला. पोलिसांच्या प्राथमिक माहितीनुसार त्याची जोडीदार त्या वेळी स्नानगृहात गेली होती. सोबतीला कोणी आहे, एवढ्याने जीव वाचत नाही. एकट्याने केलेल्या कृतीत तर सोडवणारेच कोणी नसते. असा मृत्यू पुष्कळदा आत्महत्या समजला जातो आणि आप्तेष्टांच्या माथी नाहक अपराधभाव येतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने झालेली काही इजा अपराध ठरत नाही. परंतु जिच्यामुळे मृत्यू किंवा जबर दुखापत संभवते हे करणाऱ्याला ठाऊक आहे, अशा कृतीला या कलमाचे संरक्षण नाही.

बेशुद्ध व्यक्तीच्या गळ्याभोवतीचा फास तत्काळ सोडवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. प्राणवायूवाचून मेंदूला चार-पाच मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. शिरूर किंवा दौंडहून पुण्यातील मोठी रुग्णालये सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहेत. म्हणून पहिली मदत जवळच्या माणसाकडूनच व्हावी लागते. संकोचापायी फोन लांबवणे घातक ठरते. शुद्धीवर आल्यानंतरही आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके दिसणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णालय गाठावे आणि गळा आवळला गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. या सवयीतून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची ‘टेलिमानस’ ही समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.