प्रसूतिकाळातील नैराश्य व चिंता : ओळख आणि उपाययोजना

प्रस्तावना :
बाळंतपण हा आपल्या समाजात आनंदाचा प्रसंग मानला जातो. डोहाळजेवण, पाचवी, बारसे या विधींतून त्या आनंदाला सामाजिक रूप लाभले आहे. बाळंतिणीच्या शरीराची काळजी घेणारी परंपराही समृद्ध आहे. डिंकाचे लाडू, आळीव, तेल-मालिश, शेक आणि सव्वा महिन्याची विश्रांती या गोष्टी आजही पाळल्या जातात. मात्र तिच्या मनाची विचारपूस करणारी रीत या व्यवस्थेत अभावानेच आढळते. त्यामुळे नैराश्यासारखा उपचारसाध्य आजार 'अशक्तपणा' किंवा 'हळवेपणा' या नावाखाली दुर्लक्षित राहतो. हा आजार कसा ओळखावा व त्यावर कोणते उपाय करावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तीन भिन्न अवस्था :
१) प्रसूतीनंतरची उदासी : निम्म्याहून अधिक मातांना पहिल्या काही दिवसांत विनाकारण रडू येते व मन अस्थिर होते. ही अवस्था साधारणतः दोन आठवड्यांत ओसरते. आधार व विश्रांती एवढेच तिचे औषध होय.
२) नैराश्य व चिंता : उदासी दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकणे, कशातही रस न वाटणे, 'मी चांगली आई नाही' ही अपराधी भावना, बाळाविषयी ओढ न वाटणे ही नैराश्याची लक्षणे होत. चिंतेत बाळाचा श्वास पुनःपुन्हा तपासणे, छातीत धडधडणे, अघटिताची सतत भीती वाटणे असे प्रकार दिसतात.
३) प्रसूतिपश्चात मनोविकृती : हजारात एक-दोन मातांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, भ्रम व भास होतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था असून अशा मातेस विनाविलंब रुग्णालयात न्यावे. यास 'बाहेरची बाधा' समजून घालविलेला वेळ माता व बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो.

ओळखण्यातील अडचण :
थकवा, जागरण, भूक मंदावणे या गोष्टी निरोगी बाळंतिणीतही आढळतात. म्हणून केवळ त्यांवरून निदान होत नाही. 'झोप होते का?' या प्रश्नापेक्षा 'बाळ झोपलेले असताना तरी तुला झोप लागते का?' हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. कॉक्स, होल्डन व सागोव्हस्की यांनी १९८७ मध्ये तयार केलेल्या एडिंबरो मापनश्रेणीत मागील सात दिवसांतील मनःस्थितीविषयी दहा प्रश्न आहेत. त्यांतील काही प्रश्न चिंतेविषयी, तर शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. या प्रश्नास होकार मिळाल्यास एकूण गुण कितीही असोत, तत्काळ तज्ज्ञांकडे न्यावे. ही श्रेणी चाळणीचे साधन आहे, निदानाचे नव्हे.

विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा गोव्यातील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. विशेष म्हणजे यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गर्भारपणातच मानसिक त्रास होता. आर्थिक ओढाताण व वैवाहिक संबंधांतील तणाव हे महत्त्वाचे घटक होते आणि बाळ मुलगा की मुलगी यावरही त्यांचा परिणाम अवलंबून असल्याचे दिसले. यावरून विचारपूस प्रसूतीनंतर नव्हे, तर गर्भारपणातच सुरू व्हावी, हे स्पष्ट होते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. पुढे सासरी परतताना घर, मदतीची माणसे आणि आशा स्वयंसेविका हे सारेच बदलते. आशांच्या नवजात बालकासाठीच्या गृहभेटी ४२ व्या दिवशी पूर्ण होतात. नैराश्य मात्र त्यानंतरही उद्भवू शकते. या संक्रमणकाळात मातेकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे.

उपाययोजना :
१) पतीने व घरच्यांनी रात्रीची एखादी पाळी सांभाळून मातेस सलग झोप मिळवून द्यावी.
२) रक्तक्षय व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.
३) सौम्य आजारात समुपदेशन प्रभावी ठरते. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नैराश्यग्रस्त मातांशी घरी जाऊन संवाद साधला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहा महिन्यांनी त्यांपैकी २३ टक्के माता नैराश्यग्रस्त होत्या. केवळ नेहमीच्या गृहभेटी मिळालेल्या गटात हे प्रमाण ५३ टक्के होते.
४) तीव्र आजारात औषधे आवश्यक असतात. स्तनपान सुरू असतानाही देता येतील अशी औषधे उपलब्ध आहेत. ती स्वतःहून सुरू वा बंद करू नयेत.
५) २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे केले जात नाही. 'दवाखान्यात गेले तर बाळ काढून घेतील' या भीतीपोटी गप्प राहणाऱ्या मातेस ही तरतूद आवर्जून सांगितली पाहिजे.

समारोप :
महाविद्यालयांत गर्भवती विद्यार्थिनी आणि प्रसूती रजेवरून परतणाऱ्या सहकारी आपल्यासमोर असतात. विद्यार्थिनीची घटलेली उपस्थिती किंवा सहकाऱ्याचे कामातील दुर्लक्ष ही बेफिकिरी आहे की आजाराचे लक्षण, हे विचारल्याखेरीज कळत नाही. महिला विकास कक्ष व समुपदेशन केंद्राने हा विषय आपल्या नित्य कार्यात घ्यावा. 'बाळ कसे आहे?' या प्रश्नानंतर 'आणि तू कशी आहेस?' असे विचारून उत्तर ऐकण्यास थांबणे, ही या उपचाराची पहिली पायरी होय.